ठासणीच्या बंदुकीच्या नळीतला मळ



गळीत हंगाम निम्म्यावर आला की शिवारातले ऊस तुटून मोकळे होतात आणि रानडुकरे उरल्यासुरल्या फडांत गोळा होतात. मग आडसालीचा एखादा पडलेला प्लॉट म्हणजे त्यांचे हक्काचे घर. एका रात्रीत बुडखे चावून, रस पिऊन, चोथा टाकून कळप निघून जातो, आणि सकाळी शेतकरी बांधावर उभा राहून नुसता बघत बसतो. आपल्या सभासदांपैकी काहींच्या घरी पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक असते. पुष्कळदा ती वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची असते, वर्षातले दहा महिने माळ्यावर पडून असते, आणि हंगामात घाईघाईने खाली काढली जाते. ऊस, खत, पाणी याविषयी आम्ही या पत्रकात नेहमीच लिहितो. या वेळी या बंदुकीच्या नळीविषयी लिहीत आहोत. कारण नळीत साचलेल्या मळामुळे जे अपघात होतात ते नशिबाने होत नाहीत. त्यांची कारणे अगदी साधी आहेत आणि ती समजली की टाळता येतात.

काळी दारू जळते म्हणजे काय होते

ठासणीच्या बंदुकीत वापरतात ती काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची असते. त्यातला सर्वांत मोठा वाटा सोऱ्याचा. सोरा म्हणजे पोटॅशचा क्षार. पिकाला आपण जे पोटॅश देतो त्याच घराण्यातला. दारू पेटली की कोळसा आणि गंधक जळायला लागणारा प्राणवायू सोरा पुरवतो, वायू तयार होतो आणि तो छर्रे पुढे ढकलतो. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुढचे. सगळी दारू काही वायू होत नाही. नोबल आणि एबल या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १८७५ साली यावर मोठे संशोधन प्रसिद्ध केले. बंद पोलादी भांड्यात दारू पेटवून, उरलेले सगळे तोलून त्यांनी दाखवले की १०० भाग दारू जळाली तर वायू होतात सुमारे ४३ भाग, आणि सुमारे ५७ भाग घन पदार्थ म्हणून मागे राहतात.

म्हणजे निम्म्याहून जास्त दारू नुसता मळ होते! त्यातला काही भाग पांढऱ्या धुराच्या लोटातून बाहेर जातो. ठासणीचा बार काढला की समोरचे काही दिसत नाही ते त्यामुळेच. बाकीचा नळीच्या आत चिकटतो. दुसऱ्या बाराला त्यावर आणखी एक थर, तिसऱ्याला आणखी एक. कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत कसे स्केल बसते ते ज्या सभासदांनी पाहिले असेल त्यांना हे लगेच उमगेल. रस उकळत राहतो, क्षार नळीला धरत राहतात, आणि ठरल्या दिवशी भांडे थांबवून कॉस्टिक सोड्याने उकळून, ब्रश मारून नळ्या साफ केल्याशिवाय पुढचे काम रेटत नाही. फरक एवढाच की इव्हॅपोरेटर साफ केला नाही तर वाफ वाया जाते, आणि बंदूक साफ केली नाही तर हात जातो.

हा मळ मुख्यतः पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असतो, आणि थोडा न जळलेला कोळसा व गंधक. कार्बोनेट म्हणजे आपल्या चुलीच्या राखेतला जो क्षार, तोच. पूर्वी बायका राखेच्या पाण्यात कपडे भिजवायच्या ते याच क्षारासाठी. त्याचा गुण असा की तो हवेतला ओलावा ओढून घेतो. मिठाची बरणी पावसाळ्यात कशी पाझरते, तसेच. म्हणून बार काढून बंदूक तशीच खुंटीला टांगली की रात्रीतून नळीच्या आत ओलसर क्षाराचा लेप तयार होतो आणि लोखंड गंजायला लागते. सकाळी नळीला नाक लावले तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो ना? तो सल्फाइडचा. ओलावा लागला की त्यातून तो वायू सुटतो. वास येतो म्हणजे आत काम चालू आहे असे समजावे.

शिवाय टोपीचे निराळे. जुन्या धाटणीच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असते. ते जळून जे उरते ते जवळजवळ खायच्या मिठासारखेच क्लोराइड, आणि मीठ लोखंडाचे काय करते हे मोटेच्या काळापासून आपल्याला माहीत आहे. म्हणून निपलभोवतीची जागा, जिथे टोपी फुटते, तिथेच गंज सर्वांत आधी लागतो.

हवेप्रमाणे मळाचा स्वभाव बदलतो. पावसाळ्यात, किंवा पहाटे धुके असताना, तो मऊ आणि चिखलासारखा राहतो. गज सहज खाली जातो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात मात्र तोच मळ वाळून कडक पापुद्रा धरतो. दोन-तीन बार झाले की बोळा खाली सरकत नाही. मळ दोन्ही वेळी तेवढाच असतो, फक्त उन्हाळ्यात तो हाताला जाणवतो. पावसाळ्यात जाणवत नाही म्हणून माणूस गाफील राहतो, आणि गंज मात्र पावसाळ्यातच जास्त चढतो.

धोका नेमका कुठे आहे

मळ म्हणजे नुसती घाण, एवढाच समज असतो. तसे असते तर आम्ही इतके लिहिले नसते. धोके तीन आहेत.

पहिला आणि सर्वांत वाईट. नळीत खर धरलेला असला की छर्ऱ्याचा बार गजाने ठासताना तो मध्येच अडकतो. ठासणाऱ्याला वाटते बसला. प्रत्यक्षात खाली दारू, वर मोकळी पोकळी, आणि त्या पोकळीच्या वर अडकलेला बार. चाप ओढला की वायूचा धक्का आधी पोकळीतून धावत येऊन अडकलेल्या बारावर आदळतो, आणि नळी त्या जागी फुगते किंवा फाटते. डावा हात तिथेच असतो. गावोगावी दोन बोटे गेलेला एखादा म्हातारा शिकारी असतो. ‘दारू जास्त झाली’ असे तो सांगतो. बऱ्याच वेळा दारू जास्त झालेली नसते, बार वर अडकलेला असतो.

यावर उपाय फुकटचा आहे. बंदूक रिकामी आणि स्वच्छ असताना गज तळापर्यंत घालावा आणि नळीच्या तोंडाशी गजावर चाकूने एक बारीक खूण करावी. नेहमीच्या मापाचा बार नीट बसला असताना गज किती वर राहतो त्याची दुसरी खूण करावी. मग ठासताना दुसरी खूण तोंडाशी आली नाही तर बार बसलेला नाही, हे अंधारातही बोटाने कळते. पहिली खूण तोंडाशी आली तर नळी रिकामी. घरात ‘भरलेली आहे की नाही’ यावर वाद घालण्यापेक्षा गज घालून बघावा. एवढी एक गोष्ट सभासदांनी केली तरी या लेखाची शाई कारणी लागली असे आम्ही म्हणू.

दुसरा धोका निखाऱ्याचा. बार उडाल्यावर मळाच्या थरात, किंवा कागदाच्या जळक्या बोळ्यात, ठिणगी धुमसत राहते. त्यावर लगेच दारू ओतली तर ती ओततानाच पेटते, आणि डबा किंवा शिंग थेट नळीला लावून ओतत असाल तर ज्वाळा सरळ डब्यात. म्हणून दोन नियम कायमचे : दारू नेहमी लहान मापात घेऊन मापाने ओतावी, डब्यातून थेट कधीही नाही, आणि एक बार झाल्यावर थोडे थांबून, ओलसर चिंधी गजाला लावून नळीतून एकदा फिरवावी, मग कोरडी. ओलसर म्हणजे पिळून काढलेली, टपकणारी नव्हे. या चिंधीने ठिणगीही विझते आणि ताजा मळही निघतो. नळीच्या तोंडाला ओठ लावून आत फुंकर मारायची जुनी सवय काहींना आहे. श्वासाच्या वाफेने मळ मऊ होतो हे खरे, पण नळीच्या तोंडासमोर डोके नेणे कोणत्याही कारणासाठी योग्य नाही. ती सवय सोडावी.

तिसरा धोका निपल तुंबण्याचा. टोपी फुटते, आवाज येतो ‘टक्’, आणि बार उडत नाही. माणूस वैतागून बंदूक खाली घेतो, तोंड वळवतो, आणि तेवढ्यात आतली धुमसलेली दारू पेट घेते. बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून मिनिटभर तरी थांबावे. घाई करायची नाही. डुक्कर गेले तर जाऊ द्या, ते उद्या परत येणारच आहे!

एनफिल्डचे काडतूस आणि चरबी

नळीतल्या मळाची ही कटकट काही आपलीच नाही. तिने एकदा या देशाच्या इतिहासात मोठी जागा घेतली आहे. इंग्रजांनी १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल कंपनीच्या फौजेला द्यायला घेतली. तीही तोंडाकडून भरायची. तिच्या नळीत आतून वळणदार खाचा होत्या, आणि खाचांत मळ भरला की गोळी खाली जाईना. म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबीचे वंगण लावलेले होते. गोळी त्या वंगणातून घसरत खाली जायची आणि तेच वंगण जळलेल्या मळात मिसळून त्याला मऊ ठेवायचे. ती चरबी गायीची आणि डुकराची असल्याची बातमी शिपायांत पसरली, आणि पुढे १८५७ मध्ये काय झाले ते सर्वांना माहीत आहे. उठावाची कारणे पुष्कळ होती, त्या सगळ्यांत जाण्याची ही जागा नव्हे. पण त्या काडतुसाला चरबी का लावावी लागत होती, हे शाळेच्या पुस्तकात सहसा सांगत नाहीत. ते नळीतल्या मळासाठी होते. जानेवारी १८५७ मध्येच सरकारने, शिपायांनी हवे ते वंगण स्वतः लावावे अशी मुभा देऊ केली होती. मेण आणि तेल चालेल असे ठरत होते. उशीर झाला होता.

त्यातला मेण-तेलाचा भाग आजही उपयोगाचा आहे. पोळ्याचे मेण वितळवून त्यात थोडे गोडेतेल घालावे, थंड झाल्यावर लोण्यासारखे घट्ट मलम होते. उन्हाळ्यात मेण थोडे जास्त, थंडीत थोडे कमी. हे मलम बाराच्या डाटाला लावले की मळ कडक होत नाही. मात्र डाट आणि दारू यांच्यामध्ये एक कोरडी जाड पुठ्ठ्याची चकती असली पाहिजे. नाहीतर तेल दारूत झिरपते, दारू नीट जळत नाही आणि मळ उलट वाढतो. आणि इथे ग्रीस किंवा इंजिन ऑइल वापरू नये. खनिज तेल काळ्या दारूबरोबर जळाले की डांबरासारखा चिवट थर धरते, तो पाण्यानेही सहज निघत नाही. खाण्याचे तेल, मेण, चरबी यांचे तसे होत नाही.

डाट कशाचा असावा

आपल्याकडे डाट म्हणून हाताला लागेल ते घालतात. वर्तमानपत्राचा बोळा, गोणपाटाचा तुकडा, काथ्या, नारळाची शेंडी. यातले प्रत्येक धुमसत राहणारे आहे. बार उडाला की हा जळता बोळा दहा-पंधरा पावलांवर जाऊन पडतो, आणि फेब्रुवारीनंतर तिथे काय असते? वाळलेले पाचट. डुकरापासून ऊस वाचवायला गेलेला माणूस फडच पेटवून बसतो, आणि वारा असेल तर शेजाऱ्याचाही. जळीत उसाची तोड तातडीने द्यावी लागते, कारण जळालेल्या उसातली साखर दिवसागणिक उतरते. तोडणी कार्यक्रम विस्कटतो, टोळ्या हलवाव्या लागतात, आणि जळिताची कपात सभासदाच्याच बिलातून होते ती वेगळीच. डुकराने चार सऱ्या खाल्ल्या असत्या, त्यापेक्षा हे महाग पडते.

लोकरीच्या जाड नमद्याच्या गोल चकत्या सर्वांत चांगल्या. लोकर लवकर पेट घेत नाही आणि ठिणगी धरून ठेवत नाही. नमदा नळीला घट्ट बसतो, त्यामुळे वर जाताना आदल्या बाराचा मळही पुसत जातो. जुन्या घोंगडीच्या तुकड्याच्या, नळीच्या मापाने कापलेल्या चकत्याही चालतात. घट्ट डाटाचा आणखी एक फायदा असा की दारू नीट दाबात जळते. सैल डाटामागे दारू अर्धवट जळते आणि अर्धवट जळलेली दारू म्हणजे जास्त मळ.

दारूच्या मापाबद्दलही एक गैरसमज घालवला पाहिजे. ‘मूठभर घाला, आवाज मोठा येतो’ असे म्हणणारे भेटतात. आवाज येतो खरा. पण नळीच्या लांबीत जळू शकते त्यापेक्षा जास्त घातलेली दारू तोंडाबाहेर जाऊन जळते, छर्रे विस्कटतात, खांद्याला धक्का बसतो आणि नळीत मळ साचतो. बंदूक बनवणाऱ्याने किंवा परवानाधारक विक्रेत्याने त्या नळीसाठी जे माप सांगितले असेल तेच कायम ठेवावे, आणि नुसत्या आवाजासाठी बार काढायचा असेल तर त्याहून कमी घालावी.

रॉकेलने मळ निघत नाही

आता साफ करण्याचे. सर्वांत जास्त चूक इथेच होते. बहुतेक घरी रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवलेली चिंधी नळीतून फिरवतात, ती काळी निघते, आणि झाले साफ असे समजतात. पण मळ हा क्षार आहे. मीठ रॉकेलमध्ये विरघळते का? साखर विरघळते का? नाही. क्षाराला पाणीच लागते. रॉकेलने वरची काजळी निघते, खालचा क्षार तसाच राहतो आणि त्यावर तेलाचा पातळ थर बसल्याने तो दिसतही नाही. आत गंज चालू राहतो. लोखंडाला पाणी लावायचे म्हटले की जुनी माणसे कचरतात. पण बार काढल्यानंतर बंदुकीला पाणी न लावणे हेच तिचे मरण आहे.

रीत अशी. आधी गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री करावी आणि निपलवर टोपी नाही हे पाहावे. नळी दस्त्यापासून सुटत असेल तर सोडवून घ्यावी. बऱ्याच बंदुकांत आडवी पाचर काढली की नळी निघते. निपल पेचाचे असेल तर त्याच्या पान्यानेच काढावे, पकडीने नव्हे. कडा गोल झाल्या की ते पुन्हा निघत नाही. बादलीत कढत पाणी आणि थोडा साबणाचा चुरा घ्यावा. नळीची मागची बाजू बादलीत उभी करून, गजाला घट्ट चिंधी गुंडाळून वरखाली करावे. सायकलच्या पंपासारखे निपलच्या छिद्रातून पाणी आत-बाहेर व्हायला लागते आणि तेच सर्वांत अवघड जागा धुऊन काढते. पहिले पाणी शाईसारखे काळे होईल. ते ओतून दुसरे घ्यावे. चिंधी पांढरी निघेपर्यंत करावे. कधी दोन बादल्या लागतात, कधी चार.

शेवटचे पाणी उकळते असावे आणि नुसते, साबणाशिवाय. फडक्याने धरून ते नळीतून ओतावे. नळी इतकी तापते की आतले उरलेले पाणी स्वतःच वाळून जाते. गार पाण्यानेही मळ निघतो, पण वाळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात गंजाची तांबूस झाक येते. चुलीवर धरून नळी वाळवू नये. त्यानंतर दोन-तीन कोरड्या चिंध्या, आणि नळी हाताला कोमट असतानाच शिलाई मशिनच्या तेलाचा पातळ हात. इथे खनिज तेल चालते, कारण ठेवून द्यायचे आहे. गोडेतेल या कामाला वाईट, ते महिन्याभरात चिकट होऊन बसते. निपल वेगळे धुऊन, छिद्रातून बारीक तार घालून, तेलाचा थेंब लावून बसवावे. दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी पुन्हा फिरवून पाहावी. तांबूस निघाली तर काम अर्धवट झाले होते; पुन्हा पाणी.

हे सगळे त्याच दिवशी झाले पाहिजे. रात्री राखणीवर बार काढला तर सकाळी बैलांना वैरण टाकल्यावर पहिले काम हे. ‘रविवारी बघू’ म्हटले की गेली नळी.

पुन्हा वापरायच्या वेळी मात्र नळीतले तेल कोरड्या चिंधीने पूर्ण पुसून काढावे. मग दारू न घालता, निपलवर नुसती टोपी बसवून, नळीचे तोंड जमिनीवरच्या सुक्या पानाजवळ नेऊन टोपी फोडावी. पान हलले तर वाट मोकळी आहे. नाही हलले तर निपल तुंबलेले आहे. दारू भरायची नाही. पाचटावर मात्र हा प्रयोग करू नये.

निवडणूक लागली की परवान्यावरच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. महिना-दीड महिना तिथे त्या पडून असतात आणि परत मिळतात तेव्हा गंजलेल्या, अशी तक्रार होते. ठाण्यातल्या कोठीत कोणी तुमची नळी धूत बसणार नाही. जमा करण्याआधीच वरच्या रीतीने धुऊन, वाळवून, तेलाचा नेहमीपेक्षा थोडा जाड हात देऊन द्यावी. जमा करताना बंदूक भरलेली असणे तर महाभयंकर. पण असे प्रसंग घडतात, म्हणून लिहिले.

भरलेला बार काही दिवस तसाच राहिला आणि उडत नाही, तर तो घरी कोरून काढू नये. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. गावातला लोहार कितीही हुशार असला तरी शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. दारू घरी कुटणे हा तर सरळ गुन्हा आहे, आणि त्यात जीव जातात.

काडतुसातली दारू ठासणीत घालू नये

हा मुद्दा आम्ही वेगळा लिहीत आहोत, कारण काळी दारू वेळेवर मिळाली नाही की काही जण बारा बोअरचे काडतूस फोडतात आणि आतली दारू ठासणीच्या बंदुकीत घालतात. हे प्राणघातक आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (तो १८६९ पासून चालू आहे) किंवा आणखी कुठे बनलेल्या आजच्या काडतुसांत काळी दारू नसतेच. त्यात बिनधुराची दारू असते. व्हिएय नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ साली ती शोधली. ती नायट्रोसेल्युलोजची असते, जवळजवळ पूर्ण वायू होते, म्हणून धूर नाही आणि मळही थोडा. इथपर्यंत गुणाचीच. पण काळ्या दारूच्या मापाने ती नळीत घातली तर दाब इतका चढतो की ठासणीची नळी तो सोसू शकत नाही. बंदूक फुटते, निपल उडून डोळ्यात येते. रंगाने दोन्ही सारख्या दिसल्या तरी फसू नये. ठासणीत फक्त काळी दारू, यात तडजोड नाही.

याच्या उलटही पाहावे. काही घरांत आजोबांच्या वेळची जुनी दोननळी बारा बोअर आहे. लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळीची, वर लाटांसारखी नक्षी दिसणारी. ती काळ्या दारूच्या काळातली असू शकते. नळीच्या खालच्या बाजूला बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा ‘नायट्रो प्रूफ’ असा शिक्का नसेल तर आजचे काडतूस त्यात घालण्यापूर्वी जाणकार परवानाधारकाला दाखवावे. अशा बंदुकांसाठी पूर्वी पितळी काडतुसे काळ्या दारूने हाताने भरत. ज्यांच्याकडे तशी रिकामी पितळी नळकांडी आहेत त्यांनी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारल्याशिवाय ती भरायला हात घालू नये. एवढे मात्र सांगतो, की काळ्या दारूचे पितळी काडतूसही वापरल्यावर त्याच दिवशी गरम पाण्यात धुवावे लागते, नाहीतर हिरवा कळंक धरून पितळ ठिसूळ होते. आणि अशा काडतुसात आजचे प्लॅस्टिकचे डाट वापरले तर ते काळ्या दारूच्या आगीने वितळून नळीत पट्ट्या धरतात. तिथेही पुठ्ठा आणि नमदाच योग्य.

फडात बार काढण्याआधी

परवाना पीक संरक्षणाचा असला तरी रानडुक्कर हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येते. उभ्या पिकाला उपद्रव होत असेल तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊनच त्याला मारता येते. नुकसानीचा पंचनामा आणि भरपाईचा अर्जही वनखात्याकडेच द्यायचा असतो, तोही ताबडतोब. पायाचे ठसे आणि चावलेले बुडखे पुसले गेले की पंचनामा कठीण होतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून शस्त्र परवान्याची मुदत ५ वर्षे झाली आहे. आपल्या पुस्तकातली तारीख एकदा काढून बघा.

आणि तोड चालू असलेल्या फडाच्या आसपास बार काढूच नये. ऊस दाट दिसतो, पण तो भिंत नव्हे. छर्रे पाल्यातून आरपार जातात. शेवटच्या दहा-बारा सऱ्या उरल्या की डुकरे बाहेर उधळतात, त्याच वेळी कोयते घेतलेली माणसे चारी बाजूंनी असतात, आणि त्यांची पोरे बांधावर खेळत असतात. टोळीच्या कोप्या कुठे आहेत हे रात्रीच्या राखणीला जाण्यापूर्वी मुकादमाला विचारून घ्यावे. कोप्या हंगामात दोन-तीनदा हलतात. मागच्या आठवड्यात मोकळे असलेले रान या आठवड्यात वस्तीचे असते.

निपलचा पाना, नमद्याच्या चकत्या आणि टोप्या परवानाधारक विक्रेत्याकडे मिळतात. खरेदीला जाताना परवान्याचे पुस्तक बरोबर न्यावे, कारण दारू आणि टोप्यांची नोंद त्यावर होते.